चोरकाची राखण

एका डोंगरी गावात एक वैदीण राहत होती. गाव चांगलं उंचावर, थंडी कडाक्याची, वर्षातले चार महिने छपरांवर बर्फ. तीस-पस्तीस घरं, सगळी दगडाची. माणसं मेंढ्या पाळायची, घोंगड्या विणायची, आणि ताप भरला, हाडं दुखली की वैदिणीच्या ओसरीवर येऊन बसायची.

वैदिणीच्या परसात झाडं पुष्कळ होती, पण तिचा सगळा जीव चोरकावर. चोरक म्हणजे काही नाजूकसाजूक फूलझाड नव्हे. बिघा-पाव बिघा नाही, हातभर जागा दिली तरी माणसाच्या डोक्यावर जाईल असं ते वाढतं. दांडा जाडजूड, आतून पोकळ. पानं रुंद, कडांना कातरलेली. माथ्यावर बारीक पांढरट फुलांच्या छत्र्या. पण खरी करामत जमिनीच्या खाली. त्याचं मूळ असं सुवासिक की खणणाऱ्याच्या हाताचा वास दोन दिवस जात नाही. थंडीत गावातल्या बायका त्या मुळाची एक चकती डाळीच्या फोडणीत टाकायच्या, आणि संध्याकाळी गावातून चालत गेलं तर प्रत्येक घरातून तो वास यायचा. त्या वासानं आजारी माणूससुद्धा पानावर येऊन बसे.

पोटात कळ आली, मूळ उगाळून द्या. खोकला सुटत नाही, बिया टाकून काढा करा. कोवळे दांडे मधात मुरवून ठेवले की म्हाताऱ्यांना जेवणानंतर चघळायला होतात. असं हे अंगोपांगानं गुणी झाड. त्याला चोरक असं नाव कुणी आणि का दिलं, हे मात्र त्या गावात कुणी बोलून दाखवत नसे.

रानातही चोरक उगवायचा, नाही असं नाही. पण त्याच ओढ्याकाठी हुबेहूब तसंच दिसणारं एक विषारी झाड असायचं. तशाच छत्र्या, तसाच पोकळ दांडा. वैदिणीच्या लहानपणी एक धनगर त्यानं गेला होता. तेव्हापासून गावाचा नियमच होता, चोरक घ्यायचा तो ओळखीच्या परसातला, रानातला नाही.

या वैदिणीला मूलबाळ नव्हतं. तिच्या बहिणीची मुलगी खाली मैदानातल्या एका शहरात राहायची. तिचा बाप किल्ल्याच्या दरवाज्यावर पहारेकरी होता. चाळीस वर्षं त्यानं पहारा केला, आणि त्या चाळीस वर्षांत त्याच्या दारातून एक शेळीसुद्धा विचारल्याशिवाय आत गेली नाही. आईबाप गेल्यावर ही भाची मावशीकडे राहायला आली. वयानं पंचविशीची, हाडानं काटक, कामाला वाघ. आणि स्वभाव? बापाचाच. कुणाच्या काडीला हात लावणार नाही आणि आपल्या काडीला कुणाला लावू देणार नाही.

मावशीनं तिला चोरक शिकवला. याला पायाशी ओल हवी पण चिखल नको. सकाळचं ऊन हवं, दुपारचं नको. पहिल्या वर्षी नुसती पानं, दुसऱ्या वर्षी मोठी पानं. मूळ काढायचं ते तेव्हा, पानगळीच्या दिवसांत. मूळ न काढता राहू दिलं तर तिसऱ्या वर्षी दांडा उठतो, फुलतो, बी धरतो आणि संपतो.

"एवढं वाढून मरून जातं?" भाचीनं विचारलं.

"बी देऊन जातं," मावशी म्हणाली. "आणखी काय करावं त्यानं?"

भाची भराभर शिकली. एका वर्षात तिला नुसत्या पानाच्या वासावरून चोरक कुठला आणि ते विषारी झाड कुठलं हे डोळे मिटून सांगता येऊ लागलं. मावशीला तिचं फार कौतुक होतं. "माझ्या हाताला जे समजायला दहा वर्षं लागली ते हिच्या बोटांना एका पावसाळ्यात समजलं," असं ती ओसरीवर बसलेल्या बायकांना सांगायची, आणि भाची लाजून आत पळायची.

पण भाचीच्या मनात एक गोष्ट सलत होती. मावशीच्या परसात चोरी व्हायची.

बी पिकायच्या दिवसांत सकाळी बघावं तर एक छत्री गायब. दुपारी बघावं तर आणखी एक. पानगळीत कुणीतरी एखादं मूळ खणून नेलेलं, आणि वर माती नीट लोटून ठेवलेली. मावशी तिकडे बघायचीसुद्धा नाही. परसात काही खुडखुडलं की उठून घरात जायची आणि भांडी आपटत बसायची. घासलेलीच भांडी पुन्हा घासायची.

"मावशी, परसात चोर येतात," शेवटी भाची म्हणाली.

"येऊ देत की."

"अगं पण आपण एवढ्या मेहनतीनं वाढवतो!"

"मग? त्यांनी काय वाळलेलं न्यावं?" म्हातारी खो-खो हसली.

भाचीला हसू आलं नाही. मावशीचं वय झालं, असं तिनं मनाशी धरलं. प्रेमापोटी ती काही बोलली नाही.

दोन वर्षांनी थंडीच्या शेवटी मावशी अंथरुणाला खिळली. गावातलं प्रत्येक माणूस येऊन तिच्या पायाशी बसून गेलं. बोलायची ताकद राहिली नव्हती. अखेरच्या दिवशी तिनं भाचीचा हात धरला, परसाकडे डोळे वळवले आणि म्हणाली, "पोरी, चोरक राख हं. माझ्यामागं चोरक राख." आणखी काही सांगायचं होतं, पण तेवढ्यात धाप लागली. ते राहूनच गेलं.

"राखीन, मावशी," भाची रडत म्हणाली. "शब्द देते."

पहारेकऱ्याच्या लेकीला 'राख' म्हटल्यावर काय समजणार? ती कामालाच लागली.

बर्फ वितळलं तसं तिनं ओढ्यातले धोंडे आणायला सुरुवात केली. एकटीनं. हात सोलवटले, पाठ धरली, पण पावसाच्या आधी परसाच्या चारही बाजूंनी छातीएवढी भिंत उभी राहिली. फटी मातीनं लिंपल्या, वर काटेरी झुडपं रोवली. दाराला आतून अडसर. एक झिपरं कुत्रंही आणून बांधलं. कुत्र्याचं सांगायचं तर ते आठ दिवसांत गावभरच्या माणसांचं दोस्त झालं आणि कुणीही आलं तरी शेपूट हलवू लागलं. पण भिंत मात्र भिंत होती.

आणि खरं सांगायचं तर त्या वर्षीसारखा चोरक त्या परसात कधीच झाला नव्हता. भाचीनं एकेका झाडाला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. पाटाचं पाणी हवं तेवढंच वळवलं, तण उपटलं, गोगलगाई वेचून लांब नेऊन सोडल्या. दांडे मनगटाएवढे झाले. भिंतीबाहेरून जाणारी माणसं थांबून वर आलेल्या छत्र्यांकडे बघत उभी राहायची. "हात आहे हो पोरीला," असं म्हणायची आणि पुढे जायची.

आता ही भाची काही कंजूष नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. औषधाला ती कुणाला नाही म्हणत नसे. उलट तिनं मुळं सुकवून, चकत्या करून, पानात बांधून पुड्या करून ठेवल्या होत्या. आलेल्याला ती ओसरीवर बसवी आणि विचारी, "कुणाला हवंय? काय होतंय? कधीपासून?" मग पुडी हातात ठेवी. मोबदला म्हणून मूठभर लोकरही घेत नसे.

तरी माणसं येईनाशी झाली. आधी रोज कुणीतरी यायचं, मग आठवड्याला एखादं. जे यायचं ते खाली मान घालून, दाराच्या कडेला उभं राहून, पुडी घेतली की घाईघाईनं जायचं. भाचीला वाटलं, गावाची तब्येत सुधारली.

मग बी पिकायचे दिवस आले. एका दुपारी कुत्रं आनंदानं कुईकुई करू लागलं म्हणून ती परसात धावली. भिंतीवरची काटेरी झुडपं बाजूला सारून शेजारची विणकरीण आत उतरली होती. पन्नाशीची बाई, नवरा वारलेला, घोंगड्या विणून एकटी राहणारी. तिच्या पदरात चोरकाची एक पिकलेली छत्री होती आणि हात काट्यांनी ओरबाडलेले होते.

भाचीनं तिचं मनगट घट्ट धरलं आणि ओरडली, "चोर! चोर!"

माणसं जमली. भिंतीच्या पलीकडे दहा-बारा डोकी दिसू लागली.

"काकू, मागितलं असतंत तर ओंजळभर बी दिलं असतं मी!" भाची म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं. "चोरायची काय गरज होती? माझ्या मावशीच्या भोळेपणाचा फायदा घेतलात इतकी वर्षं!"

विणकरणीचा चेहरा पांढरा पडला. ती भिंतीपलीकडच्या माणसांकडे बघेना. "हात सोड बाई," एवढंच म्हणाली. "धोटा धरायचा हात आहे तो."

भाचीनं हात सोडला. विणकरणीनं पदरातली छत्री काढून भिंतीवर ठेवली आणि ती दारानं निघून गेली. जमलेली माणसंही एकेक करून पांगली. एका म्हातारीचे ओठ हलले, पण तिच्या सुनेनं तिला हाताला धरून नेलं. ज्या गोष्टीबद्दल बोलायचंच नाही असा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज, ती सांगणार कोण?

त्या दिवसापासून परसात एक पानही हललं नाही. भाचीनं झाडन् झाड तपासलं. सगळं जागच्या जागी. मावशी बी उतरवलं की लगेच पसरून टाकायची, पण हिला ती उधळपट्टी वाटे; पिकलेलं सगळं बी तिनं उतरवलं, उन्हात कडकडीत वाळवलं, लाकडी डब्यात भरलं आणि डब्याच्या झाकणाला मेण लावलं. आपल्या बापानं हे पाहिलं असतं तर पाठीवर थाप दिली असती, असं तिला वाटलं. मावशीला दिलेला शब्द पाळला या समाधानात ती त्या थंडीत गाढ झोपली.

बर्फ वितळायला लागलं आणि डोंगरावरून पाणी सुटलं. दरवर्षी ते परसातून वाहत जाई आणि खाली ओढ्याला मिळे. या वर्षी ते पाटाच्या वाटेनं परसात शिरलं, पण बाहेर पडायला त्याला वाट कुठे होती? मातीनं लिंपलेल्या त्या पक्क्या भिंतीनं पाणी आत अडवून धरलं. वरून पुन्हा बर्फ पडलं, त्याखाली ते पाणी तसंच साचून राहिलं. भाचीला कळलं तेव्हा तिनं धावत जाऊन भिंतीला भोक पाडलं. पाणी गेलं. मागे उरला तो काळा चिखल. तिनं एक मूळ उपसलं तर ते हातात लिबलिबीत आलं. दुसरं उपसलं, तिसरं उपसलं. सगळं परस कुजलं होतं.

ती खूप रडली. पण कामसू माणूस रडत किती बसणार? डबा होता ना! तिनं माती नवी केली, वाफे केले, मेण फोडून बी काढलं आणि मावशीनं शिकवल्याप्रमाणे वरच्यावर पसरलं, कारण चोरकाच्या बियांवर माती लोटायची नसते, त्यांना उजेड लागतो. रोज पाण्याचा हबका मारला. पाखरं हाकलली.

पंधरा दिवस झाले. महिना झाला. दोन महिने झाले. गवत उगवलं, मावशीच्या हातची कधीची सांडलेली मोहरी उगवली, चोरक उगवला नाही. तिनं एक बी नखानं फोडून पाहिलं. आत भुसा.

पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला चोरक तिच्या हातात आला आणि दीड वर्षात संपला. तोही तिनं जीव तोडून जपला म्हणून. येत्या थंडीत कुणाच्या पोटात कळ उठली तर ती काय देणार? आणि मावशीला काय सांगणार?

गावाच्या झऱ्याकाठी एक म्हातारा मेंढपाळ रोज बसलेला असायचा. सगळे त्याला आबा म्हणायचे. गुडघे गेल्यामुळे त्याला वरच्या कुरणांवर जाता येत नसे. भाची घागर घेऊन झऱ्यावर गेली आणि घागर भरून वाहू लागली तरी तिला कळलं नाही, तेव्हा आबा म्हणाला, "किती भरशील? तिला आणखी पोट नाही."

भाचीला रडू फुटलं. तिनं सगळं सांगितलं. भिंत, पाणी, डबा, भुसा.

"आबा, मावशी म्हणाली होती, चोरक राख. मी राखू शकले नाही."

आबा काठीनं वाळूत रेघा ओढू लागला. मग म्हणाला, "हे बोलायचं नसतं. पण तू बाहेरची, तुला कुणीतरी सांगायला हवं होतं. आमचीच चूक. राखायचं म्हणजे काय गं?"

"राखण करायची. पहारा द्यायचा."

"तो मेंढरांना. लांडगा असतो म्हणून. आम्ही मेंढरं राखतो आणि वाणही राखतो. वाण राखायचं म्हणजे पेरत राहायचं. चोरकाच्या बीला धीर नसतो, बाई. उतरवल्यावर ओलं आहे तोवर, चार-दोन आठवड्यांत मातीवर पडलं तर पडलं. डब्यात घालून ते राहत नाही. आणि एकाच परसात पेरलं तर एखाद्या वर्षी पूर येतो, कडा कोसळतो, कीड पडते. मग? तुझ्या मावशीनं एका परसात चोरक राखला नाही. तीस परसांत राखला."

"पण तिनं कुणाला कधी दिला नाही! मी बघितलंय ना!"

"दिला नाही, बरोबर आहे. दिला असता तर घेणारा मिंधा झाला असता." आबा आता वाळूकडे न बघता तिच्याकडे बघून बोलू लागला. "अडीनडीचा माणूस आधीच अर्धा झालेला असतो. त्यात दारात उभं राहून मागायचं, कुणाला काय होतंय ते सांगायचं, वर उपकार घेऊन परत जायचं. आमच्या जुन्या माणसांनी ठरवून टाकलं, बाकी काहीही मागा, हे एक झाड मागायचं नाही आणि द्यायचंही नाही. लागेल त्यानं गुपचूप न्यावं, नेऊन आपल्या परसात लावावं, आणि ज्याचं असेल त्यानं पाठ फिरवावी. म्हणून त्याचं नाव चोरक. तुझी मावशी भांडी का आपटायची? चोराला कळावं, बाई घरात आहे, परसात नाही."

भाची खाली बसली. ओरबाडलेला तो हात आणि पांढरा पडलेला तो चेहरा तिच्या डोळ्यांपुढून हलेना. आपण पुड्या वाटत होतो तेव्हा माणसं खाली मान घालून का उभी राहत होती, तेही आता तिला समजलं. तिला स्वतःची अशी लाज वाटली की घागर उचलायचंही भान राहिलं नाही.

"आबा, मी आता कुणाकडे मागू?"

"मागितलंस तर कुणी देणार नाही."

"मग?"

"मग काय? चोर!" आबा म्हणाला. "तुझ्या मावशीनंही एकदा केली होती चोरी. बर्फाच्या लोटानं परस नेलं होतं तेव्हा. सात घरं फोडली तिनं. आम्ही सगळे पाठ फिरवून फिरवून थकलो."

बाळांनो, एक इथेच सांगतो. हा रिवाज त्या गावाचा आणि त्या एका झाडाचा. शेजारच्यांच्या आंब्याला तो लागू नाही.

भाची गावातून निघाली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं लोकांच्या परसांत डोकावून पाहिलं. काय सांगावं! गोठ्याच्या मागे चोरक. धुण्याच्या दगडापाशी, जिथे ओल असते तिथे चोरक. कुणाच्या फुटक्या रांजणात चोरक, देवळाच्या मोरीशी चोरक. आपण भिंतीआड ज्याची राखण करत होतो तो गावभर पसरलेला होता आणि सुखात होता. तिचे डोळे भरून आले. आपली मावशी किती मोठी होती हे तिला मावशी गेल्यावर, लोकांच्या उकिरड्यांशेजारी उभं राहून कळलं.

पण बहुतेक झाडं लहान होती, पहिल्या-दुसऱ्या वर्षाची, नुसत्या पानांची. एवढं खोल मूळ उपटून लावलं तर लागत नाही. बी हवं होतं. पिकलेल्या बियांच्या छत्र्या तिला गावात एकाच घरी दिसल्या. विणकरणीच्या परसात.

भाची तीन दिवस त्या घरावरून नुसती येजा करत राहिली. क्षमा मागणं तिला सोपं होतं, पाय धरणंही सोपं होतं. पण चोरी? चाळीस वर्षं ज्या बापानं पहारा दिला त्याची लेक चोरी करणार, तीही जिला सगळ्या गावासमोर चोर म्हटलं तिच्या घरी? चौथ्या दिवशी सकाळी वारा सुटला. पिकलेलं बी आता झडणार हे तिला दिसत होतं. आज नेलं नाही तर संपलं.

भर दुपारी ती विणकरणीच्या कुडावरून आत उतरली. मागच्या ओसरीत माग होता आणि विणकरीण परसाकडे तोंड करूनच विणत होती. धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे. भाची वाकून झाडापाशी गेली, समोर आली ती छत्री धरली आणि मोडली. पोकळ दांडा तो, कडाडकन वाजला.

माग थांबला.

भाचीनं मान वर केली. विणकरीण सरळ तिच्याकडे बघत होती. भाचीच्या हातात छत्री तशीच.

विणकरीण उठली. तिनं आपला बसायचा पाट उचलला, मागाच्या दुसऱ्या अंगाला नेऊन ठेवला आणि परसाकडे पाठ करून बसली. त्या बाजूनं काही विणता येत नव्हतं. ती नुसतीच फणी आपटत राहिली, खटक, खटक, आणि मोठ्यानं म्हणाली, "काय मेला वारा सुटलाय! झाडं मोडतोय."

भाचीनं ओठ दातांखाली धरले.

"आणि अक्कल तरी आहे का या वाऱ्याला?" विणकरीण समोरच्या भिंतीला सांगू लागली. "कोवळी छत्री मोडली. तिच्यात बी भरलेलं नाही अजून. मोडायचीच तर मागची मोठी मोडावी, कुडाकडची. ती पिकलीय."

भाची कुडाकडे गेली. मोठी छत्री तिनं हलक्या हातानं मोडली आणि पदरात घेतली. बी टपोरं होतं, अजून ओलसर होतं, आणि त्याचा तो ओळखीचा वास आला. तिला आता राहवेना. ती ओसरीपाशी आली आणि रडत म्हणाली, "काकू, त्या दिवशी मी तुम्हाला..."

विणकरणीनं मागे वळून पाहिलं नाही. फणी मात्र क्षणभर थांबली.

"वारा कधी बोलत नसतो, बाई," ती म्हणाली. "जा. ऊन लागून सुकेल ते."

भाची कुडावरून उतरून धावत घरी गेली. पदरातलं बी तिनं त्याच दुपारी नव्या वाफ्यावर पसरलं आणि वर पाण्याचा हबका मारला. मग पहार घेऊन ती भिंतीशी गेली, आणि अंधार पडेपर्यंत तिनं ओढ्याकडची सगळी बाजू पाडून टाकली.

तात्पर्य: जे खरोखर राखायचं असेल ते एका भिंतीआड कोंडू नये, चार परसांत रुजू द्यावं. आणि द्यायचं ते अशा रीतीनं द्यावं की घेणाऱ्याला मान खाली घालावी लागणार नाही.